मुलं मोजून झाली, आता जरा शाळा मोजा : शाळेत येणाऱ्या आरोग्य-संशोधकांना खुलं पत्र

शाळांमध्ये आरोग्यावर काम करणाऱ्या समस्त प्राध्यापक, पीएचडीवाल्या आणि प्रोजेक्टवाल्या मंडळींना,

नमस्कार.

मी शिक्षिका आहे. तुमच्या पेपरच्या शेवटी "सहभागी शाळा व शिक्षकांचे आभार" अशी एक ओळ असते ना, त्या ओळीतली मी. तुमची टीम येते तेव्हा वर्ग रिकामा करून देणारी, रांगा लावणारी, कन्सेंट म्हणजे पालकांच्या संमतीचे फॉर्म घरी पाठवून ते परत मिळावेत म्हणून आठवडाभर पोरांच्या मागे लागणारी. पत्राला तक्रारीचा सूर लागणार आहे, लागू दे, पण मी तुमच्या कामाच्या विरोधात आहे असं समजू नका. उलट तुमचे पेपर मी वाचते, म्हणजे जे फुकट उघडतात तेवढे, आणि वाचून वाचून माझं एक मत बनलंय ते तुमच्यापुढे ठेवायचंय.

मत असं की तुम्ही लोक मुलांना फार मोजता आणि शाळेला फार कमी.

मुलाची उंची, वजन, हिमोग्लोबिन, नजर, दात, झोप, मूड, स्क्रीन टाइम, सगळं मोजून होतं, दशांश चिन्हापर्यंत. पण त्या मुलाला एका तासाहून दुसऱ्या तासाला जाताना पाणी प्यायला किती मिनिटं मिळतात, संडासाची किल्ली कोणाकडे असते, साबण संपला की नवीन कोण आणतं आणि कोणाच्या पैशाने, वर्गात मागच्या बाकावर काही ऐकू येतं का, मागच्या वेळी कुणीतरी देऊन गेलेल्या आरोग्य-मॉड्यूलच्या पुस्तिका कुठल्या कपाटात पडल्यात, हे कोणी विचारत नाही. पेपरात शाळेची माहिती दोन ओळींत संपते, एवढ्या शाळा, इतकी मुलं, सरकारी की खाजगी, शहरी की ग्रामीण, झालं.

आणि गंमत म्हणजे तुमच्याच संशोधनातून दिसतं की खरी मेख तिथेच आहे.

केनियातलं उदाहरण घ्या. पश्चिम केनियात शाळांमधलं पाणी, संडास आणि हात धुणं यावर एक मोठी ट्रायल झाली, ट्रायल म्हणजे काही शाळांत बदल करून बाकीच्या शाळांशी तुलना करायची चाचणी. त्यात एका टीमने नवीन संडास बांधल्यानंतर मुलांच्या हातांवरचे जंतू तपासले, २०१२ साली ते छापून आलं, आणि निघालं काय तर नवीन संडास मिळालेल्या शाळांमध्ये मुलींच्या हातांवर ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू सापडण्याचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं. संशोधकांनी अंदाजाने दिलेलं कारण ऐकलं तर कुठलाही शिपाई म्हणेल की मला आधी विचारायचं होतं. संडास बांधले त्यामुळे मुली ते वापरायला लागल्या, पण आत पुसायला कागद नाही, बाहेर साबण नेहमी असेलच असं नाही आणि सफाई कोणी करायची ते नीट ठरलेलं नाही. म्हणजे बांधकाम मोजलं, वापर मोजला, पण रोजची झाडलोट कोणाच्या हिशोबात धरायची हे राहिलं. त्या टीमचं मला कौतुक आहे, खरंच, कारण त्यांनी हात तपासले आणि जे निघालं ते छापलं. दुसरं कोणी असतं तर "इतके संडास बांधले" या आकड्यावर रिपोर्ट बंद केला असता आणि फोटो लावले असते.

दुसरं उदाहरण माझ्या फार जवळचं, कारण त्यात शिक्षक नापास झालेत. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात सेहर नावाची ट्रायल झाली, २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. सत्तरच्या वर हायस्कूलं, नववीची मुलं, आणि शाळेतलं वातावरण, दादागिरी, मारामारी, उदासी यावर एक कार्यक्रम. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या साध्या माणसांनी चालवला, म्हणजे डॉक्टर नाहीत, सायकॉलॉजिस्ट नाहीत, ट्रेनिंग दिलेले समुपदेशक. काही शाळांत तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकाने चालवला. आणि काही शाळांत काहीच जास्तीचं नाही. समुपदेशक होते त्या शाळांत चांगला फरक पडला, वातावरण सुधारलं, उदासी कमी, मारामाऱ्या कमी, आणि पुढच्या वर्षी बघितलं तर तो फरक आणखी वाढलेला. शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ शून्य.

हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा दोघीतिघींना राग आला की बघा, शिक्षकांनाच नाकाम ठरवतात. मला अजिबात राग आला नाही. मला वाटलं, चला, कोणीतरी एकदाचं सिद्ध केलं! कार्यक्रम तोच, पुस्तिका त्याच, फक्त एका माणसाला तेवढंच काम होतं आणि दुसऱ्याला ते सहा तास, वह्या, परीक्षा आणि वर्गशिक्षकपण सांभाळून करायचं होतं. शिवाय मला असंही वाटतं, हे माझं मत आहे, पेपरचं नाही, की ज्या बाई सकाळी गृहपाठ केला नाही म्हणून उभं करतात त्यांच्याकडे दुपारी घरातली भांडणं सांगायला कोण जाईल? मी तरी गेले नसते.

आता एवढा स्पष्ट निकाल हातात असूनही दरवर्षी नवीन प्रोजेक्ट येतो आणि त्यात पहिलं वाक्य काय, "हा कार्यक्रम शाळेतील शिक्षकांमार्फत राबवला जाईल." का? कारण शिक्षक फुकट आहे. स्पष्टच बोलते. बजेटमध्ये समुपदेशकाचा पगार लिहावा लागतो आणि माझा वेळ लिहावा लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो वेळ लिहा. प्रत्येक ट्रायलमध्ये शिक्षकाचे किती तास गेले, कुठल्या तासिकेतून गेले आणि त्यामुळे काय मागे पडलं याचा एक तक्ता सक्तीचा करा, मग बघू किती कार्यक्रम "कमी खर्चाचे" राहतात.

ब्रिटनमधल्या माइंडफुलनेसच्या, म्हणजे श्वासाकडे आणि मनाकडे लक्ष द्यायला शिकवण्याच्या, ट्रायलचंही तेच. मिरियाड नाव, ८५ शाळा, ८ हजारांवर मुलं, अकरा ते चौदा वयाची. शिक्षकांना आधी स्वतःला ट्रेनिंग, मग मुलांसाठी १० धडे. २०२२ मध्ये निकाल आला, मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काहीही जास्त फायदा नाही. ज्या मुलांना आधीपासून त्रास होता त्यांच्या बाबतीत तर थोडं उलटंच झालं असावं अशी शंका. बहुतेक मुलांनी घरचा सराव केलाच नाही, आणि ते वाचून मला हसू आलं, कारण तेरा वर्षांच्या मुलाला घरी जाऊन दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष दे म्हणून सांगायचं आणि तो देईल असं मानायचं, हे फक्त ज्याने सातवीचा वर्ग सलग वर्षभर घेतला नाही तोच मानू शकतो. बाकी त्यात एक मजेशीर गोष्ट निघाली की शिक्षकांचा थकवा काही काळ थोडा कमी झाला! वर्षभराने तोही फायदा बहुतेक ओसरला, पण तोपर्यंत बरं वाटलं असेल बिचाऱ्यांना.

मला या निकालात वाईट काही दिसत नाही. एवढी मोठी ट्रायल करायची, काम झालं नाही म्हणून खुलेपणाने सांगायचं, याला हिंमत लागते. अमेरिकेत डेअर नावाचा व्यसनविरोधी कार्यक्रम १९८३ ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन ड्रग्जबद्दल बोलायचे, सगळ्यांना आवडायचा, पालक खूश, पोलीस खूश. एकामागून एक अभ्यासांत दिसत गेलं की मुलांच्या व्यसनावर त्याचा टिकाऊ परिणाम काही नाही, तरी वर्षानुवर्षं चालू. त्यापेक्षा मिरियाडवाले शंभर पटीने बरे.

मग काम कशाने होतं? माझ्या वाचनात जे आलंय त्यात मला एक धागा दिसतो. जिथे मुलाला उपदेश न करता शाळेचा दिवसच बदलला तिथे निकाल जास्त सरळ येतात. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १२ प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर अभ्यास झाला, निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मोकळ्यावर ठेवला. शिवाय पालकांना सांगितलं की सुट्टीतही पोरांना बाहेर न्या. बस्स. तीन वर्षांनी बघितलं तर लांबचं न दिसण्याचा नंबर नव्याने लागलेली मुलं त्या शाळांत ३०.४ टक्के आणि बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. २०१५ ला हे छापून आलं. फरक काही जादूचा नाही, तीस टक्क्यांना चष्मा लागलाच, पण विचार करा की यात डोळ्यांची काळजी कशी घ्यावी यावर एकही तक्ता मुलांकडून पाठ करून घ्यावा लागला नाही. उजेडात नेलं, सोडलं.

तसंच सिएटलचं. २०१६ मध्ये तिथल्या हायस्कूलांची वेळ सकाळी ७:५० वरून ८:४५ केली. सगळे म्हणत होते की पोरं तेवढीच उशिरा झोपतील, काही उपयोग नाही. संशोधकांनी मनगटावर हालचाल मोजणारी घड्याळं बांधली आणि दिसलं की मुलं रोज साधारण ३४ मिनिटं जास्त झोपायला लागली. झोपेचं महत्त्व या विषयावर व्याख्यान देऊन चौतीस मिनिटं वाढवून दाखवा बरं कोणी! पुढे कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही म्हणून.

अर्थात वेळ बदलणं सोपं नाही हे मला कळतं, बस, नोकरीवर जाणारे आईवडील, दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळा, सगळं गुंतलेलं असतं. पण हे गुंतलेलं असणं हाच तर संशोधनाचा विषय आहे ना? तुम्ही नेमकं तेच सोडून "विद्यार्थ्यांमधील झोपेविषयीची जागरूकता" मोजायला येता. पोराला माहितीये हो की झोपावं, तो पहिल्या तासाला बाकावर डोकं ठेवतो ते काय जागरूकता नाही म्हणून?

वजनकाट्याबद्दल बोलायलाच हवं. तुमच्यापैकी किती जणांनी स्वतः वर्गासमोर उभं राहून वजन केलंय ते माहीत नाही, पण दृश्य असं असतं. दारापाशी काटा, एक जण आकडा बघतो, दुसरा टेबलावर फॉर्म भरतो, दोघांमध्ये चार हात अंतर, म्हणून आकडा मोठ्याने ओरडावा लागतो. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातो. एक मुलगी रांगेत मागे मागे सरकत राहते, आपल्या पुढे दोघींना सोडते, मग आणखी दोघींना, मग दप्तरात काहीतरी शोधायला बसते. मी तिला ओळखते म्हणून मला दिसतं, टीमला नाही दिसत, त्यांना अजून दोन वर्ग संपवायचे असतात. संध्याकाळपर्यंत तिचा आकडा हे तिचं नाव झालेलं असतं, आणि तुमच्या फाइलमध्ये ती फक्त एक ओळ.

आणि या सगळ्याचा उपयोग? कॅलिफोर्नियात ७९ शाळांमधल्या जवळपास २९ हजार मुलांवर अभ्यास झाला, २०२० साली आला, शाळेत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, मोजून पालकांना कळवलं तर वजनात काही फरक पडतो का म्हणून. नाही पडला. उलट ज्या मुलांची शाळेत वजनं केली ती स्वतःच्या वजनाबद्दल जास्त नाराज झाली आणि मित्रमैत्रिणींत वजनावरून बोलणंही वाढलं. म्हणजे नुसतं मोजणं हेही मुलावर काहीतरी करून जातं. रक्त काढायचं तर तुम्ही एथिक्स कमिटीसमोर दहा पानं लिहिता, काट्यासाठी एक पडदा पण आणत नाही. पडदा आणा. आकडा बोलू नका, लिहा. एवढं करायला कुठलं फंडिंग लागत नाही.

प्रश्नावलीचंही सांगते. "ही माहिती पूर्णपणे गोपनीय राहील" असं वर छापलेलं असतं आणि मुलं एका बाकावर तिघं बसलेली असतात. मधला मुलगा डाव्या हाताने कागद झाकून उजव्या हाताने खूण करतो, तरी दोन्ही बाजूंचे बघतात. प्रश्न काय, तर गेल्या बारा महिन्यांत तुला कधी जगू नये असं वाटलं का. आणि मी मागे उभी, कारण वर्ग शांत ठेवायची जबाबदारी माझी. त्या खुणेवर तुम्ही टक्केवारी काढता! एकीने मला विचारलं होतं, "बाई, कधीकधी म्हणजे आठवड्यातून किती?" मी टीममधल्या ताईंकडे बघितलं, त्या म्हणाल्या तुला वाटेल ते लिही. मग तिने शेजारणीचं बघून लिहिलं. आता या पानावरून पुढे कुठला आलेख निघाला असेल देव जाणे.

आणि समजा त्या मुलाने खरंच "हो" वर खूण केली, तर पुढे काय? कागद निनावी आहे, त्यामुळे तुम्हाला तो मुलगा शोधता येत नाही, मला तर कागद बघायचाच नाही. मुलाने मात्र आपल्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य पहिल्यांदा कुठेतरी सांगितलेलं असतं, आणि त्याला वाटतं की आता कोणीतरी बोलावेल. कोणी बोलवत नाही. असा प्रश्न विचारायचा असेल तर त्याच दिवशी, त्याच शाळेत, बोलायला माणूस बसलेला असला पाहिजे, सर्व्हे संपल्यावर निदान आठवडाभर यायला पाहिजे. ते जमत नसेल तर प्रश्न काढून टाका. यावर मी वाद घालायला तयार नाही.

अजून एक खटकतं ते हजेरी. काहीही केलं की मोजायचं काय, तर हजेरी वाढली का. हजेरीपट आम्हीच भरतो, कसा भरला जातो ते आम्हाला माहिती आहे, जास्त बोलत नाही. केनियातल्या बुसियामध्ये ७५ शाळांत जंताच्या गोळ्यांचा जो प्रसिद्ध अभ्यास झाला त्यात मिगेल आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी हजेरीपटावर विसंबून न राहता न सांगता शाळेत जाऊन डोकी मोजली होती, हुशार लोक. शिवाय त्यांनी आपला डेटा दुसऱ्यांना परत तपासायला दिला, त्यांचे निष्कर्ष कितपत टिकतात यावरून २०१५ मध्ये जोरदार भांडणं झाली, आणि ते चांगलंच झालं.

पण माझा मुद्दा वेगळा. नेपाळमध्ये मुलींना मेन्स्ट्रुअल कप देऊन एक अभ्यास झाला, २०११ ला आला. हजेरीवर परिणाम नाही, कारण मुळात पाळीमुळे मुली वर्षाला सरासरी अर्धा दिवससुद्धा चुकवत नव्हत्या. गृहीत धरलेली गोष्ट तपासून बघितली हे उत्तमच. पण मग असे निकाल हातात धरून जेव्हा कोणी म्हणतं की बघा, हजेरी वाढत नाही म्हणजे शाळेत यावर खर्च कशाला, तेव्हा माझं डोकं फिरतं. मुली येतच होत्या हो! येत होत्या आणि सहा तास अवघडून बसत होत्या, उठताना मागे बघत होत्या. ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं? दाराला आतून कडी असणं याला हजेरीच्या पुराव्याची गरज का लागावी? शिक्षकांच्या संडासाला कडी लावताना कोणी ट्रायल केली नव्हती.

कन्सेंटबद्दल थोडक्यात. फॉर्मची भाषा सोपी करा हे सगळेच म्हणतात, मी म्हणते की फॉर्म घरी जायच्या आधी मला पाठवा, मी सांगते त्यातलं काय कोणाला कळणार नाही आणि काय मुद्दाम कळू नये असं लिहिलंय. रागावू नका, इतिहास तसा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड स्कूल या निवासी शाळेत १९४० आणि ५० च्या दशकांत मुलांचा "सायन्स क्लब" काढला, सहली, बक्षिसं, आणि त्यांच्या खाण्यात किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम घातलं, अगदी कमी प्रमाणात, पण घरी गेलेल्या पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. पालकांनी विश्वासाने सही केली. आजही पालक फॉर्म वाचून सही करत नाहीत, बाईंनी पाठवलाय म्हणून करतात. म्हणजे तुमच्या अभ्यासाला जामीन मी राहिलेली असते, आणि मला तुम्ही प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडासुद्धा दाखवत नाही.

निकाल परत आणून देण्याचं तर बोलायलाच नको. टीम येते, चहा होतो, मुलं मोजली जातात, "तुम्हाला कळवू" होतं, आणि मग शांतता. मला पेपर नकोय, पेपर मी शोधते. मला आमच्या शाळेचं एक पान हवंय. आमच्या पाचवीत किती मुलांना फळा दिसत नाही, कोणाला दाखवायला पाठवायचं, दातांची अवस्था काय, आणि यातलं शाळा म्हणून आम्हाला उद्या काय करता येईल. दोन वर्षांनी छापून आल्यावर नाही, सत्र संपायच्या आत. दोन वर्षांत ती मुलं माझ्या वर्गातून निघून गेलेली असतात. फळा न दिसणारा मुलगा सापडलाय हे तुमच्या लॅपटॉपला माहीत आणि त्याच्या बाईंना नाही, मग तो बिचारा वर्षभर माझ्याकडून "लक्ष कुठे आहे तुझं" ऐकत बसतो.

तर पुढच्या वेळी याल तेव्हा असं करा. एक पूर्ण दिवस कुठलाही फॉर्म न घेता या, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मागच्या बाकावर बसा. दिवसभरात मुलं किती वेळ बसून असतात, किती वेळ उजेडात असतात, किती जणांना पाणी मिळालं, कोणत्या वेळेला संडासापुढे रांग लागते, घड्याळ लावून लिहा. शिपायांशी बोला, झाडलोट करणाऱ्या मावशींशी तर नक्की बोला, त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहिती असतं. मग ठरवा काय मोजायचं ते. आणि जे नवीन घालायचंय त्याच्यासमोर त्याच कागदावर लिहा की टाइमटेबलमधून कोणतं काढायचं, कारण दिवस तेवढाच आहे. पीटीचा तास काढू नका फक्त, आरोग्याचं शिकवायला दरवेळी पीटीचाच तास जातो.

परीक्षेच्या आठवड्यात येऊ नका. वजनकाटा आणाल तर पडद्यासकट आणा. आणि टीमसोबत जी मुलं डेटा गोळा करायला पाठवता, एमएच्या पहिल्या वर्षाची, त्यांना आधी सांगून ठेवा की मुलांच्या "कधीकधी म्हणजे किती" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं.

तुमच्या आभाराच्या ओळीतली,
एक शिक्षिका